जॉर्जसाहेबांचा उन्हाळी कोट

जॉर्जसाहेबांनी कोट मरीयेच्या तसबिरीवर टांगला, तेव्हाच मी ओळखलं की आज गिऱ्हाइकाचं काही खरं नाही.

आधी हा कोट समजून घ्या. कुवेतमध्ये अजून आपला रुपया चालायचा, त्या काळातली ही गोष्ट. उन्हाळा असा की कोंबडीचं अंडं उकडूनच बाहेर यायचं. मीठ तेवढं वरून घ्यायचं. अशा उन्हात साहेब रोज सकाळी काळा लोकरी कोट हातावर घेऊन मिरकाब भागातल्या आमच्या दुकानात यायचे. अंगात घालायला नव्हे. साहेब लेबनॉनचे, ख्रिस्ती. गळ्यातला सोन्याचा क्रूस एवढा की त्यावर कबुतर बसलं असतं. टेबलामागच्या भिंतीवर मरीयेची तसबीर. खोटं बोलायची वेळ आली की माउलीला दिसू नये म्हणून ते तिच्यावर कोट टांगायचे. धंदा जोरात असला की माउलीला आठवडाआठवडा उजेड दिसत नसे.

मीही ख्रिस्तीच, पण नगरकडचा. नाव साळवे, काम रेफ्रिजरेशन मेकॅनिकचं. दुकानात एअरकंडिशनर, फ्रिज आणि कोल्ड रूमच्या मशीन विकल्या जात. कोल्ड रूम म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा फ्रिज. त्याचं काळीज म्हणजे कॉम्प्रेसर. तो गॅस दाबतो, तो गॅस खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. कुवेतमध्ये बाहेर आधीच एवढी उष्णता असायची की आणखी टाकायला जागा शोधावी लागे.

त्या दिवशीचा कॉम्प्रेसर जुना होता. तेलकंपनीच्या एका कॅम्पातून तो भंगारात आला होता. मी तो पूर्ण खोलला, रिंगा बदलल्या, बेअरिंग बदलली, व्हॉल्व्ह घासून बसवले. मशीन अशी चालायला लागली की वर पाण्याचा ग्लास ठेवला तर पाणी हलेना. मी खूश. साहेबही खूश. त्यांनी हिरव्या रंगाचा डबा मागवला आणि स्वतःच्या हाताने तिला रंग दिला.

"मिस्टर साळवे, ही मशीन परवाच्या बोटीने इंग्लंडहून आली."

"साहेब, ती आपल्या मागच्या शेडमधून आली. मीच ढकलत आणली."

"रंग बघा. नवी वाटते की नाही?"

"वाटते. पण आहे जुनी."

साहेबांनी क्रूसाचं चुंबन घेतलं. "आज नाखुदा बू-खलिफा येणार. त्याला मेकॅनिकच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही फक्त 'नवी' म्हणायचं. एक शब्द! नाही म्हणालात तर पुढच्या बोटीने मुंबई."

इथे माझी बायको गोष्टीत येते. सुशीला दोन पोरांना घेऊन पुढच्याच महिन्यात मुंबईहून बोटीत बसणार होती. तिकिटं निघाली होती. सालमियात मी दोन खोल्या ठरवल्या होत्या, पडदेसुद्धा लावले होते. नोकरी गेली तर मी इकडून जाणार, ती तिकडून येणार, आणि मस्कतच्या पुढे भर समुद्रात आम्ही एकमेकांना रुमाल हलवणार. नंतर आयुष्यभर मी तेच ऐकणार.

मग म्हणायचं होतं एकदा 'नवी', असं तुम्ही म्हणाल. अडचण माझ्या खानदानात आहे. माझी आई गप्पांत पटाईत. तिने सांगितलेल्या दुष्काळात आमच्या विहिरीतले बेडूक तहसीलदाराकडे अर्ज घेऊन गेले होते. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांचा नियम एकच: येशूच्या माणसाने शपथ घ्यायची नाही, हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, एवढ्यात भागलं पाहिजे. गप्पा मी आईकडून घेतल्या आणि जबान वडिलांकडून. चहाच्या वेळी मी कुणाला काहीही सांगेन. मशीनजवळ उभा राहिलो की काटा दाखवतो तेवढंच सांगणार.

तेवढ्यात आमचे सेल्समन दाऊदभाई आले. राजापूरकडचे, नमाजी माणूस, अरबी अशी बोलायचे की अरबांनी वही घेऊन बसावं. त्यांनी माझा चेहरा पाहिला, कोट पाहिला आणि ते काय ते समजले.

"साळव्या, गप्प ऱ्हाशील तर काय तोंड झिजंल काय तुझा?"

"विचारलं तर सांगणार, दाऊदभाई."

"आन सुशीलावहिनी?"

"ती येतेय."

"येतेय म्हणून तर सांगतंय!"

नाखुदा म्हणजे गलबताचा कप्तान. बू-खलिफांनी जन्मभर गलबतं मुंबईला आणि मलबारला नेली होती, त्यामुळे हिंदुस्तानी फर्डं बोलायचे. आता वय झालं होतं. दस्मानजवळ किनाऱ्यावर त्यांनी मासळीचा व्यापार मांडला होता आणि त्यासाठी कोल्ड रूम बांधली होती. ते आले, बसले, कॉफी झाली. साहेबांनी मशीनवर हात फिरवला आणि सुरू केलं. "वल्लाह, परवाच उतरली! वल्लाह, अजून समुद्राचा वास येतोय!"

वल्लाह म्हणजे देवाशपथ. तिथल्या बाजारात या शब्दाशिवाय टाचणीसुद्धा विकली जात नसे.

नाखुदांनी मशीन हुंगली. वास रंगाचा होता. ते माझ्याकडे वळले. "उस्ताद, तू सांग. नवी आहे?"

दाऊदभाईंनी डोळे मिटले. साहेबांनी कोट नीट केला.

"नाही," मी म्हणालो. "जुनी आहे. आतलं सगळं मी बदललंय. चांगली चालेल. पण जुनी आहे."

साहेब मटकन खुर्चीत बसले. आता नाखुदा मला मिठी मारतील अशी माझी कल्पना. त्यांनी भुवई चढवली.

"म्हण वल्लाह."

"मी शपथ घेत नाही, नाखुदा. ख्रिस्ती आहे. जुनी म्हटलं म्हणजे जुनी."

"हा देवाची शपथ घेऊन नवी म्हणतो. तू शपथ न घेता जुनी म्हणतोस. मी कुणाचं ऐकू?"

घ्या! नोकरी घालवून खरं बोललो आणि गिऱ्हाईक म्हणतं पुरावा आण. साहेब खुर्चीतून उठलेच. "याचं काय ऐकता? हा कुवेतमधला एक नंबरचा थापाड्या आहे! विचारा याला, मुंबईहून कसा आला ते!"

दाऊदभाई अरबीत काही बोलायला गेले, पण नाखुदांनी हात वर केला. "विचारतो. कसा आलास?"

आता हे विचारायला नको होतं. चहाच्या वेळची गोष्ट समोरून कुणी मागितली की माझा इलाज चालत नाही.

"मस्कतपाशी एका माशाने आमच्या बोटीचा नांगर गिळला," मी म्हणालो. "आणि बोट ओढत थेट बहरीनला आणली. कप्तानाने इंजिन बंद करून तेल वाचवलं."

नाखुदा गंभीर. "वारा कुठला होता?"

"समोरचा."

"मग मासा दमला असेल."

"फार दमला. बहरीनला त्याला अर्ध्या दिवसाची रजा दिली."

"मासळीभात दिला?"

"दिला. पण त्याला मासळी चालेना. घरातलीच माणसं म्हणाला."

नाखुदांची दाढी आधी हलली, मग खांदे, मग खुर्ची. हसता हसता त्यांच्या डोक्यावरचा रुमाल कॉफीत पडला. साहेब विजयाने बघत होते. "पाहिलंत? मी म्हटलं नव्हतं?"

नाखुदांनी डोळे पुसले. "जॉर्ज, चाळीस पावसाळे मी माल विकत घेतलाय. ज्याला खोटं खपवायचं असतं तो लहानसं बोलतो. परवा आली, वास येतोय, असं. घशाखाली उतरेल एवढं. हा माणूस बोटीएवढं खोटं बोलतो, ते कोण गिळणार? याला कुणाला फसवता येत नाही. हा जुनी म्हणाला तर जुनीच आहे." मग माझ्याकडे वळून विचारलं, "चांगली चालेल म्हणालास. तेही शपथेशिवाय?"

"तेही."

"मग दे. जुन्या मशीनच्या भावाने."

मशीन गेली. साहेब माझ्याशी बोलले नाहीत, पण बोटीतही बसवलं नाही, कारण ती मशीन बसवायला नाखुदांना उस्ताद मीच हवा होतो, आणि नाखुदांशी भांडण म्हणजे अर्ध्या दस्मानशी भांडण.

नाखुदांनी ही गोष्ट किनाऱ्यावर सांगितली. ते माझ्यापेक्षा वरचढ निघाले. त्यांच्या सांगण्यात मासा बसऱ्यापर्यंत गेला होता. आठवड्याभरात गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारायला लागली, "तो शपथ न घेणारा नसरानी कुठाय?" नसरानी म्हणजे ख्रिस्ती. दुकानात क्रूसवाले साहेब समोर बसलेले असायचे, तरी हे विचारायचे.

साहेब हुशार. जुना माल दाखवायचा असला की मला बाहेर पाठवायला लागले. साळवे, गॅसचा सिलिंडर बघून या. साळवे, सालमियात एक फ्रिज आवाज करतोय. मी सालमियात जायचो, फ्रिज गप्प असायचा. पण गिऱ्हाईकही हुशार. साळवे दुकानात नाही म्हणजे माल जुना, हे साऱ्या बाजाराला कळलं. मी नसलो की लोक कॉफी मागवून बसून राहायचे. मी परतलो की दहापंधरा माणसं कप खाली ठेवून एकदम उभी राहायची, जणू नवरदेव आला. साहेबांचा कॉफीचा खर्च एवढा वाढला की येमेनमध्ये कॉफी महागली.

दाऊदभाईंनी दुकानात वल्लाह म्हणणं सोडलं. मी कधी त्यांना यावर एक अक्षरही बोललो नव्हतो. विचारलं तर म्हणाले, "आमच्यातसुदा खोटी कसम मोठा गुना हाय, साळव्या. तुझ्यासारख्या थापाड्यानं आठवन करून द्यावी, ह्याचीच लाज वाटली."

सुशीला ठरल्या बोटीने आली. मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "यातलं निम्मं खरं असेल." तसबीर आणि कोट स्वतःच्या डोळ्यांनी बघायला ती पोरांसह दुकानात आली. तेवढ्यात साहेब आत शिरले. घामाने चिंब, हात रिकामे. खिळ्यावर मरीया एकटी, काच लख्ख पुसलेली.

"साहेब, कोट?" मी विचारलं.

त्यांनी पंख्याखाली मान नेली. "आज ऊन फार आहे, मिस्टर साळवे."

ऊन रोजच्याएवढंच होतं. तीस वर्षं मशीन दुरुस्त करून मला एवढंच कळलंय: जुन्या मशीनला खुशाल हिरवा रंग द्यावा, शोभतो. पण ती नवी आहे म्हणून सांगायचं असेल, तर भर उन्हाळ्यात कोट बाळगायची तयारी ठेवावी.