डाव्या कफावरची शाई

सहावीत असताना मी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकली होती. महिनाभर सराव करून केलेली, माझ्या मते बाबांपेक्षाही सरस. वर्गशिक्षिकांना पटली, मुख्याध्यापिकांनाही पटली. रविवारी आत्या आमच्याकडे आली, तिने प्रगतिपुस्तक उलटं धरलं, म्हणजे अक्षरांचं डोकं खाली आणि पाय वर, आणि म्हणाली, "ही माझ्या भावाची सही नाही. त्याने उभ्या जन्मात कुठलंच काम इतक्या काळजीने केलेलं नाही." मार मला बसला आणि अपमान बाबांचा झाला. तेव्हापासून घरात तिचं नाव भिंगआत्या.

बँकेत चेकवरच्या सह्या जुळवण्यात तिची एकतीस वर्षं गेली. सही सरळ धरली की डोळा नाव वाचतो, उलटी धरली की नुसता हात दिसतो, असं ती सांगायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्याला आजवर धड उत्तर मिळालेलं नाही.

निवृत्त झाल्यावर ती एका कंपनीत लागली. खेळाडूंचे फोटो छापलेली पत्त्याएवढी गुळगुळीत कार्डं असतात ना, त्यांवर खेळाडूची स्वतःच्या हातची सही असली की शौकीन ती जिवापाड जपतात. सही खरी की बनावट हे ही कंपनी ठरवायची. कपाटात प्रत्येक खेळाडूची नमुना कार्डं ठेवलेली. नमुन्याशी जुळलं तर कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत बंद आणि वर शिक्का. नाही जुळलं तर 'अस्सल नाही' अशी चिठ्ठी.

अशीच एक चिठ्ठी मुठीत धरून एक दिवस लाँड्रीवाल्या बाई आल्या. हॉकी संघाचे कपडे त्यांनी वीस वर्षं धुतले होते. संघाच्या कप्तानाने शेवटच्या मोसमात त्यांना आपल्या कार्डावर सही करून दिली होती. कप्तान वारला, तेव्हा क्लबने ते कार्ड मागून घेऊन हॉलमध्ये लावलं. कुणा सभासदाने दाखला मागितला, कार्ड कंपनीकडे आलं, आत्याच्या आधीच्या माणसाने चिठ्ठी लिहिली आणि क्लबने कार्ड उतरवून पाकिटात घालून परत पाठवलं. बरोबर दोन ओळींचं पत्रसुद्धा नाही!

"मला विकायचं नाही हो ते," बाई म्हणाल्या. "पण गल्लीत म्हणतात, हिनेच बसून गिरवली असेल. माझी सून पण हसली. तेवढं 'खोटी' पुसून द्या, बास."

आत्याने कार्ड उलटं करून भिंगाखाली घेतलं. मग कपाटातले तीन नमुने काढले, तेही उलटे मांडले. नावाखाली प्रत्येकावर एक रेघ होती. नमुन्यांवर रेघ नावाच्या पहिल्या अक्षराखाली जाड सुरू होऊन शेवटच्या अक्षराकडे बारीक होत गेलेली. बाईंच्या कार्डावर नेमकं उलट. शिवाय अक्षरांवरून ओली शाई फराटली होती. नमुने स्वच्छ.

"सही केली तेव्हा काय काय झालं, आठवेल तसं सांगा," आत्या म्हणाली. हात कुठला, हे तिने मुद्दाम विचारलं नाही.

"काय व्हायचंय? इस्त्रीच्या टेबलावर ठेवून केली. आणि हात टेकवला माझ्या धुतलेल्या चादरीवर! शाईचा हा डाग. मी ओरडलेच. त्याचं नेहमीचंच ते. सामन्याआधी संघाची यादी तोच लिहायचा आणि जाकिटाचा डावा कफ निळा करून आणायचा. वीस वर्षं लिंबू चोळलंय मी त्या कफाला."

"डावाच?"

"डावाच. मी धुवायचे की तुम्ही?"

डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात ओल्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो. हॉकीची काठी सगळ्यांना एकाच हाताची मिळते, डावरी काठी नसतेच. त्यामुळे मैदानात हजारोंनी पाहिलेला माणूस डावखुरा आहे, हे ठाऊक होतं फक्त त्याचे कपडे धुणाऱ्या बाईला. दुसऱ्या दिवशी बाईंनी कपड्यांची जुनी वही आणली. धुतलेले कपडे नेताना खेळाडू तिच्यात सही करत. कप्तानाच्या सह्या चाळीसच्या वर होत्या, एकूण एक फराटलेल्या, रेघ उजवीकडून ओढलेली.

आत्याने सगळं साहेबांपुढे ठेवलं. साहेब मूर्ख नव्हते, त्यांना लगेच कळलं. मला त्यांचा राग येतो तो त्यामुळेच. नमुने संघाच्या व्यवस्थापकाने दिलेले होते. चाहत्यांना टपालाने जाणाऱ्या कार्डांवर कप्तानाच्या नावाने तोच सह्या उरकत असणार.

"मॅडम, या नमुन्यांवरून नऊ वर्षं शिक्के मारलेत आपण," साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "तुम्ही असं करा, बाईंना 'मत देता येत नाही' म्हणून लिहून द्या. त्यांचा मान राहील, आपलंही निभावेल."

"मला मत देता येतं, साहेब. एकतीस वर्षं तेवढंच तर येतंय."

"दाखल्याचे कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. ते मिळणार नाहीत."

"असू द्या तुमच्या ड्रॉवरमध्ये."

तिने पर्समधून साधा रेघी कागद काढला, 'सही अस्सल आहे' असं लिहून, खाली कारणं मांडून आपली सही केली. मग तीन चिठ्ठ्या घेतल्या, तिन्हींवर 'अस्सल नाही' लिहिलं आणि त्या तीन नमुन्यांखाली एकेक सरकवून कपाट बंद केलं. भिंग पर्समध्ये टाकलं आणि निघाली. घरी येऊन बाबांना म्हणाली, "सुटले." बाबांनी कपाळाला हात लावला. मी मात्र त्या दिवशी तिच्यावर इतकी खूश होते की प्रगतिपुस्तकाचं प्रकरणही माफ करून टाकलं.

बाईंनी कार्ड आणि कागद लाँड्रीत गल्ल्यामागच्या भिंतीवर लावले. पंधरा दिवसांत कंपनीने पत्रक काढून क्लबला, दुकानांना वाटलं. त्यात लिहिलं होतं, 'लाँड्रीतील दाखला आमचा नाही. त्यावरील सही आमच्या कोणाही तज्ज्ञाची नाही.'

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासणाऱ्या बाईची सही खोटी! मी घरात थयथयाट केला. आत्याने पत्रक एकदा वाचलं, चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल."

लाँड्रीत संध्याकाळची गर्दी होती. बाईंची सून इस्त्री करत होती. आत्याने तो कागद भिंतीवरून उतरवला, इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, सुनेला इस्त्री बाजूला घ्यायला लावली आणि सगळ्यांच्या देखत पहिल्या सहीखाली दुसरी सही केली. त्याखाली तारीख घातली. त्याखाली घराचा पत्ता, मजल्यासकट. आणि शेवटी एक ओळ, "ज्याला शंका असेल त्याने यावं. मी घरीच असते."

सुनेने कागद उचलला, सासूकडून ऐकलं होतं तसा क्षणभर उलटा धरून पाहिला, आणि कुणी सांगायच्या आत स्वतः भिंतीवर लावला.