आक्काच्या दंडावरचं बटण

त्या सकाळी मी आक्काकडं दूध घेऊन गेले. ती भिंतीकडं तोंड करून निजली होती. "उन्हं आली की गं, आक्का, उठ," म्हणत हात लावला... आणि हात तसाच राहिला.

आक्का माझी थोरली बहीण. येळ्ळूरला एकाच गल्लीत आम्ही दोघी नांदलो. तिला साखरेचा आजार जुना. एकटी राहायची म्हणून तिच्या लेकीनं, नंदानं, पुण्याहून आणून तिच्या दंडाला ते साखर मोजणारं पांढरं बटण लावलं. साखरेचा आकडा आक्काच्या फोनवर यायचा, तोच पुण्यात नंदाच्याही. साखर उतरली की दोन्ही फोन ओरडायचे. मग नंदाचा मला फोन, "मावशी, आईला गूळ दे." मी पदराच्या गाठीला गूळ बांधूनच असायचे. आक्का हसायची. "पोरगी पुण्यात बसून माझ्या पोटात बघतीया! चोरून लाडू खायची सोय न्हाय ठेवली." पण खंडेनवमीला विळ्या-खुरप्याबरोबर तिनं त्या बटणालाही हळदकुंकू लावलं. "राखण करतंय गं माझी," म्हणाली.

डॉक्टर येऊन गेले. हृदय थांबलं म्हणाले. आमच्यात लांबच्या लेकीला माणूस गेल्याचं फोनवर सांगत नाहीत. आक्काच्या दिरांनी नंदाला, "आईला जास्त झालंय, निघून ये," एवढंच कळवलं. बटणाची कुणाला आठवण झाली नाही; ते दंडावर तसंच आकडे धाडत राहिलं. फोन उशाशी तसाच होता. दुपारी बायका भोवती बसल्या असताना तो ओरडायला लागला. मी सवयीनं उठले, पदराची गाठ सोडली, गूळ घेऊन तिच्या तोंडापाशी वाकले... सगळ्या बघतच राहिल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मावशी, निपाणी सोडली बघ. वाटभर आईचा आकडा बघत आले, आता उतराय लागलाय. तिला गूळ दे की गं!"

मी एवढंच म्हणाले, "देते गं, बाळ."

नंदा आली. दारातली गर्दी बघून उंबऱ्यातच थांबली. गूळ माझ्या मुठीत पाघळला होता. तिनं माझी बोटं उघडली आणि बघत राहिली.

"खाल्ला न्हाय व्हय तिनं?"

महिना होत आला. नंदा रोज सांजेला फोन करते. "जेवलीस, मावशी?" "जेवले." पदराच्या गाठीत गूळ अजून असतो. मुंग्या लागतात. झटकते, आणि परत बांधते.