तिघींसाठी एक लॅपटॉप

माझी थोरली बहीण लोकांची गाणी रेकॉर्ड करत गावोगाव फिरते. माइक, वायरी, लॅपटॉप गाडीत टाकायचे आणि गाणारा जिथे असेल तिथे जाऊन थडकायचं, हा तिचा धंदा. गाडी मी चालवतो, सामान मी उचलतो आणि "हळू ठेव रे" हेही मीच ऐकून घेतो.

त्या आठवड्यात आमच्या आत्याच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज परत येईल, पण हाच येईल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आत्याने रडारड केली नाही, सरळ ताईला फोन लावला. "त्याआधी येऊन आमचं गाणं घेऊन जा."

आमचं म्हणजे तीन बहिणींचं. तिघी वेगवेगळ्या सुरांत एकच गाणं गायच्या. थोरली गेली, धाकटी गेली, राहिली ही मधली. आता तिघींचे सूर ती एकटीच गाणार होती. एक आवाज रेकॉर्ड करायचा, तो कानात ऐकत दुसरा, मग दोन्ही ऐकत तिसरा. ताईचा जुना लॅपटॉप एवढ्या कामाने अडखळायचा. कानातला आवाज मागे पडायचा आणि गाणारा चुकायचा. म्हणून आम्ही दुकानात गेलो.

दुकानदाराने पहिल्याच फटक्यात लाल दिव्यांचा एक धिप्पाड लॅपटॉप पुढे केला. "मॅडम, यापेक्षा ताकदवान आमच्याकडे नाही."

ताईने पेन ड्राइव्हमधून जुनं काम त्यावर टाकलं, साठ आवाज एकदम सुरू केले आणि कान कीबोर्डला टेकवून बसली. बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली. मी मोबाइल दुरुस्तीच्या पाटीचा अभ्यास करू लागलो.

"ताकद आहे, पण घोरतो," ताई म्हणाली.

दुसरा अगदी पातळ, बिनपंख्याचा. "हा गप्प बसेल," दुकानदारच म्हणाला, "पण तुमचं काम वाढलं की तापेल आणि मंदावेल. प्रवासात हा नका घेऊ." माणूस सरळ होता. त्याने आतून तिसरा आणला. मेमरी भरपूर, बॅटरी दिवसभर पुरणारी, वजन माझ्या खांद्याला झेपेल असं, आणि पंखा अगदीच ताण आला तर हळूच कुजबुजणारा. ताईने डोळे मिटून ऐकलं. "हाच." तिने एकदा "हाच" म्हटलं की विषय संपतो. आमच्या भावजींच्या बाबतीतही असंच झालं होतं.

आत्या कायम स्वयंपाकघरातच गायची, म्हणून माइक तिथे लावला. लॅपटॉप शेजारच्या खोलीत. मग ताईच्या अंगात आलं. पंखा बंद, घड्याळाचा सेल काढला, फ्रिज बंद, खिडकी लावली. खोली इतकी शांत झाली की मला गिळलेली थुंकीसुद्धा ऐकू येत होती.

आत्याने सुरुवात केली आणि थांबली. पुन्हा सूर लावला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तर भलतीकडेच गेला. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. घसा आधीच गेला की काय?

आत्या मात्र इकडेतिकडे बघत होती. "काहीतरी चुकतंय गं. तू फ्रिज बंद केलायस का?"

"अगं, घरघरतो तो."

"घरघरू दे की! इतकी वर्षं मी त्याच्यावरच सूर लावते."

दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधली बारीकशी गुणगुणही उपटून काढणारी माझी बहीण माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "लाव रे फ्रिज." फ्रिज मध्येच थांबू नये म्हणून दार किलकिलं धरून उभं राहण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. दुधाच्या पिशव्यांकडे बघत मी आत्याच्या तोंडून थोरलीला ऐकलं, मग मधलीला, मग धाकटीला. लॅपटॉप एकदाही अडखळला नाही. बोटं गारठली होती, पण शेवटची ओळ संपेपर्यंत दार सोडायचा मला धीर झाला नाही.

ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र पार खाली गेला. कान जवळ नेल्याशिवाय आत्याचं बोलणं कळेना. टाके निघाल्यावर आम्ही लॅपटॉप घेऊन गेलो आणि ताईने आत्याच्या कानांवर हेडफोन चढवले. आत्या डोळे मिटून ऐकत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

गाणं संपलं. तिने ताईला खुणेने जवळ ओढलं. "मधली जरा घाई करतेय," ती कुजबुजली. "तेवढं पुन्हा घेऊ या का?"

ताईने हेडफोन हळूच उतरवून घेतले.

"काही नको," ती म्हणाली, "मधली पहिल्यापासून तशीच आहे."

आत्या हसली. आवाज आला नाही, पण खांदे हलेपर्यंत हसली.