उजवा हात दाबा

गोदावरी सिस्टरांना शांत झोपलेला माणूस बघवत नसे. लातूरच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात, माझे थोरले भाऊ आण्णा निमोनियामुळे व्हेंटिलेटरवर होते. घशातली नळी सोसावी म्हणून त्यांना औषधाने झोपवलेलं. सकाळी दहा वाजले की सिस्टर डॉक्टरांना विचारून ते औषध थांबवायच्या, आण्णा हालचाल करेपर्यंत खाटेशी उभ्या राहायच्या आणि कानाशी वाकून म्हणायच्या, "आण्णा, म्या गोदावरी, मुखेडची. उजवा हात दाबा, माजी बोटं धरून. हां. आता डावा."

आण्णा घुसमटायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, पण हात दाबायचे. मग परत झोप.

काचेतून हे बघवायचं नाही. मी घराण्याचा बातमीदार. उदगीरपासून नांदेडपर्यंतच्या नातेवाइकांना फोनवर हकिकत सांगायची, तीही फोडणी देऊन, हे काम मी आपणहून घेतलेलं. "आण्णा एकदम शांत झोपलेत," म्हटलं की पलीकडचा खूश व्हायचा आणि मीही.

एकदा हेच वाक्य सिस्टरांनी ऐकलं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "दंगा करणाऱ्या पेशंटचं मला भ्या न्हाई. शांत माणूस लई फसवतो. औषधानं झोपलाय का आतून विझून राहिलाय, वरून सारखंच दिसतंय."

"तुम्ही घाबरवता बुवा."

"तुमी बातम्या सांगा. म्या हात विचारते."

सोमवारी वहिनी काचेपाशी रडायला लागल्या. "आज महादेवाचा वार हाय. एक दिस तरी त्यांचे हाल करू नका म्हणावं." मला कर्तबगारी दाखवायची संधीच मिळाली. मोठ्या डॉक्टरांचे सासरे आमच्या ओळखीचे निघाले. फोन गेला, आणि डॉक्टर म्हणाले, "बरं, आज औषध चालूच राहू द्या."

"साहेब, हात तरी विचारू द्या," सिस्टर म्हणाल्या.

राहिलंच ते. टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या तेवढ्या बघितल्या. त्या ठीक होत्या. मी दिवसभर फोनवर सांगत होतो, आण्णा कधी नव्हे इतके शांत आहेत.

मंगळवारी दहाला औषध थांबलं. आण्णांनी डावा हात दाबला. उजवा सिस्टरांच्या तळव्यात नुसता पडून राहिला. त्यांनी तीनदा विचारलं, नखावर पेन दाबून बघितलं. मग माझ्याकडे न बघता डॉक्टरांना हाक मारली.

स्कॅनमध्ये दिसलं, मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला होता.

"कधी झालं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"रविवारी दाबला होता," सिस्टर म्हणाल्या. "काल विचारलं न्हाई."

आणि त्या परत आण्णांच्या खाटेशी गेल्या. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आण्णा वाचले. उजवा हात गेला, बोलणं गेलं. घरी निघताना मी सिस्टरांपुढे पेढ्यांचा पुडा धरला आणि धीर करून विचारलं, "सोमवारी कळलं असतं, तर?"

त्यांनी पुडा घेतला, पेढा काही तोंडात टाकला नाही. "ते आता मलाबी न्हाई कळणार, भाऊ. पर घरी यांना नुसतं शांत पडू देऊ नका. विचारत राहा."

आता उदगीरला घरी दुपारी जेवण झालं की आण्णा भिंतीकडे तोंड करून झोपतात. घरातले सगळे पाऊल न वाजवता चालतात. मी खाटेशी जाऊन वाकतो. "आण्णा, डावा हात दाबा." ते चिडून डोळे उघडतात आणि माझी बोटं कळवळतील इतक्या जोराने दाबतात. मग मी त्यांचा उजवा हात हातात घेतो, तेच विचारतो, आणि थांबून राहतो.