दादाच्या पट्ट्यात मी

टॉवरवर काम करणाऱ्यांकडं किस्से लई साठतात. वर माणूस एकटा असतो, बोलायला कुणी नसतं. खाली उतरला की टपरीवर सगळं एकदम सांडतं. आमच्या उमरग्याच्या टीममध्ये चौघं होतो: म्होरके इस्माईलभाई, पिंट्या, माझा थोरला भाऊ संजूदादा आणि मी. ते तिघं मोबाईलच्या टॉवरवर चढायचे, मी खालून पाने-पकडी दोरीला बांधून द्यायचो. सातवीत शाळा सोडली आणि उंचीला घाबरतो, एवढीच माझी ओळख. चौघांतला एक आता नाही. किस्से मात्र त्याचेच जास्त.

*

मुरुमजवळची गोष्ट. जेवायला उतरा, परत चढा, कोण करणार? म्हणून दादा टॉवरच्या टोकालाच डबा उघडून बसला, पाय खाली सोडून. शेतातल्या एका बाईनं बघितलं आणि ती ओरडायला लागली, बाबा असं करू नको, आईकडं बघ. माणसं जमली. सरपंच आले. एकजण म्हणाला, लग्नाचं अडलं असेल तर आम्ही जमवतो.

दादानं आधी घास संपवला. मग वरून म्हणाला, "मावशी, जीव द्यायला कुणी लोणचं घेऊन येतं का?"

*

परंड्याला पिंट्या मला भित्रा म्हणाला. माझं डोकं फिरलं. कमरेला पट्टा न बांधताच शिडी चढत सुटलो. विसाव्या पायरीवर खाली बघितलं आणि लोखंडाला मिठी मारली. हात सुटेनात. पँट ओली झाली, तेही सांगून टाकतो.

दादा मागोमाग आला. शिव्या घालेल असं वाटलं. तो हळूच म्हणाला, "बारक्या, तू टॉवरला धरलंयस का टॉवरनं तुला?"

मला हसू आलं आणि दोन्ही हात सुटले! त्यानं कॉलर आधीच धरली होती म्हणून वाचलो.

*

तीन महिन्यांपूर्वी दादा गेला. आमच्यासाठी भजी घेऊन हायवे ओलांडत होता, ट्रकनं उडवलं. मी समोरच उभा होतो. पळत पोचलो तेव्हा रस्त्यावर पडलेली भजी अजून गरम होती.

भेटायला येणारा प्रत्येकजण विचारायचा, किती उंचावरून पडला? मी सांगायचो, रस्त्यावर गेला. ते मान हलवायचे आणि परत तेच विचारायचे. तिसऱ्या दिवशी मामांनीही विचारलं, "पण किती फुटांवरून?"

मी म्हणालो, "शून्य."

मामा रडायचे थांबले आणि माझ्याकडं बघत बसले.

*

महिन्याभरानं इस्माईलभाई म्हणाले, सोलापूरचा एक पोरगा घेतोय. दादाचा पट्टा खुंटीवर लटकत होता. तो परक्याच्या कमरेला दिसणार, एवढंच डोक्यात आलं आणि तोंडातून निघून गेलं, मी चढतो.

पिंट्या म्हणाला, "माळवदावरचं वाळवण काढायला तू आईला वर पाठवतोस, लेका."

इस्माईलभाई हसले नाहीत. आमची टीम दिवाळीनंतर सह्याद्रीत एखादा सुळका चढायला जाते, निव्वळ हौस. ते म्हणाले, "सुळका चढलास तर पट्टा तुझा. न्हायतर सोलापूरचा."

*

सुळका म्हणजे आभाळात घुसलेला नुसता उभा दगड. इस्माईलभाई आधी वर गेले आणि तिथून माझा दोर धरला. पिंट्या खाली. आमच्यात नियम असा की दोरावरच्यानं बोलत राहायचं, काहीही बरळायचं. आवाज थांबला की वरचा माणूस दोर आवळतो आणि बोलल्याशिवाय सैल करत नाही.

अर्ध्यावर माझा आवाज गेला. गाल दगडाला चिकटलेला, पाय शिलाई मशीनसारखे उडत होते. मला खाली जायचं होतं, पण ते सांगायलाही तोंड उघडेना.

मग वरून इस्माईलभाईच बोलायला लागले. "तुझा दादा इथंच अडकला होता. दोन तास. ढसाढसा रडला."

"खोटं," मी म्हणालो. तसा दोर सैल झाला.

दोन वर्षांपूर्वी हाच सुळका चढून आल्यावर दादा घरी आठवडाभर त्याचंच सांगत होता. वरून काय दिसतं, वारा कसा लागतो, सगळं.

"खोटं न्हाय," खालून पिंट्या म्हणाला. "म्या इथंच हुतो. बारक्याला सांगू नका म्हणून आमाला शपथ घातली त्यानं."

"मग वर कसा गेला?"

"न्हाय गेला," इस्माईलभाई म्हणाले. "टॉवरला पायऱ्या असतात. इथं कुठं हायत? खाली उतरवला त्याला."

दोर सैल होता. उतरवा म्हटलं असतं तर त्यांनी मलाही उतरवलं असतं.

"पुढचा हात कुठं घालू?" मी विचारलं.

"उजवीकडं, डोक्याच्या वर खाच हाय. तुझा हात पोचंल. त्याचा पोचत नव्हता."