चौथ्या रिळातली ताकद

घोडपदेवच्या आमच्या चाळीच्या तोंडाशी एक फळा होता. डाव्या बाजूला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या बातम्या, त्या रोज बदलायच्या. उजव्या बाजूला ‘विचार’. तो रविवारपर्यंत कुणी पुसायचा नाही. पटला नाही तर खाली जागा आहे, उत्तर लिहा. हा कायदा मीच समितीच्या बैठकीत भांडून मंजूर करून घेतला होता, आणि दोन्ही बाजूंचा खडू माझ्याच हातात होता. अंकलिपीच्या आधी मी पत्रकं वाचली. वडिलांच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पत्रकंच जास्त. एकदा लिहिलेला शब्द मागे घ्यायचा नाही, हे त्या ट्रंकेने मला शिकवलं होतं.

एका सुट्टीला दादाने मला आणि वहिनीला लालबागला सिनेमा दाखवला. एरवी मी सिनेमाला जात नसे, पण जाहिरातीवर ‘विज्ञानाचा चमत्कार’ असं छापलं होतं. गोष्ट एका शास्त्रज्ञाच्या घरी राबणाऱ्या मुलीची. चौथ्या रिळात ती चुकून त्याच्या काचेच्या पेटीत अडकते, किरण सुटतात आणि बाहेर येते ती खिडकीचे गज वाकवतच. मग मोटार उचलते. मग चंद्राकडे निघालेलं यान शेपटीला धरून खाली ओढते. लोक शिट्ट्या मारत होते. दादा घोरत होता. मी मात्र खुर्चीत धुमसत होतो.

चालत घरी येताना मी म्हणालो, “ही शुद्ध फसवणूक आहे. ना तालीम, ना अभ्यास, ना संघटना. दोन मिनिटांत एवढी ताकद?”

“अरे, तीन तासांत संपवायचा असतो त्यांना,” दादा म्हणाला.

रातोरात मजकूर डोक्यात तयार झाला आणि पहाटे फळ्यावर चढला. ‘काल साधी मोलकरीण, आज यान ओढणारी! तयारीवाचून आलेली ताकद म्हणजे थोतांड. जनतेने अशा नायिकांपासून सावध राहावे.’ खाली दोन रेघा मारल्या. सिनेमाचं नाव लिहायला जागा उरली नाही, म्हणून लिहिलं नाही.

माझगावची कोळीण आमच्या चाळीत मासे घेऊन यायची. तिने त्या सकाळी पाटी उतरवता उतरवताच मला गाठलं.

“काय रं, वयनीवर लिवलंस म्हनं?”

“कुणी सांगितलं?”

“मला कुठं वाचता येतंय? बायांनी वाचून दावलं. हसतायत सगळ्या.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या रविवारी मैदानावर बायकांची सभा होती आणि समितीने तिथे बोलायला वहिनीला सांगितलं होतं. दोन महिन्यांपूर्वी आमचा नळ तीन दिवस कोरडा होता. वहिनी चाळीतल्या बायकांना रिकाम्या हंड्यांसकट घरमालकाच्या दारात घेऊन गेली आणि नळाला पाणी येईस्तोवर उठली नाही. तोवर ती पदर सावरून दाराआडून बोलणारी बाई होती. अक्षरं तिला मीच शिकवली, आणि तीही त्याच वर्षी. काल साधी, आज सभेत बोलणारी! सगळी चाळ तेच वाचत होती.

आणि खरं सांगायचं तर चाळीचं सगळंच चुकत नव्हतं. मी आठ वर्षांचा असल्यापासून भाषणं पाठ करत होतो. मला आजवर कुणी बोलायला उभं केलं नव्हतं.

संध्याकाळी समितीचे काका आले. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ते कामाला होते, अंगावर भुसा तसाच. “तुझी वहिनी नाही म्हणते,” ते म्हणाले. “आता रविवारी तूच बोल.”

“बायकांच्या सभेत मी?”

“मग काय करू? तयारी झालेला तू एकटाच दिसतोस आम्हाला.”

किती वर्षं ज्याची वाट बघत होतो ते समोर आलं, आणि मला ते घेववेना. फळा पुसावा तर कायदा माझाच. मी खोलीत गेलो. नव्या लावलेल्या बुद्धाच्या तसबिरीखाली वहिनी तांदूळ निवडत बसली होती.

“वहिनी, ते सिनेमावर लिहिलंय.”

“भावजी, वाचायला तुम्हीच शिकवलंत. आता कळतं मला.” ती वर न बघता म्हणाली. “आणि खोटं काय आहे त्यात? गेल्या दिवाळीला सही येत नव्हती मला.”

मी विचारलं, “तुला कसा वाटला सिनेमा?”

तिने सूप खाली ठेवलं. “तुम्ही पहिली तीन रिळं बघितलीच नाहीत. दोन हंडे घेऊन तीन जिने चढत होती ती. एवढाली पातेली घासत होती. अशी बाई मोटार उचलेल नाहीतर काय? सहा वर्षं नळावरची भांडणं मी सोडवतेय, ते कुठं कुणी बघितलं?”

“मग आवडला म्हण की.”

“छे! शेवट बघितलात ना? तो शास्त्रज्ञ म्हणतो, परत पेटीत बस, ताकद काढून घेतो, मग लग्न करू. आणि ही बसली की! यान ओढणारी बाई चपात्या लाटायला लागली. चार माणसं काही बोलली म्हणून एवढ्या लवकर परत द्यायची...”

ती मधेच थांबली. तांदळातला एक खडा वेचून तिने बाजूला टाकला. मग म्हणाली, “खडू कुठाय?”

चाळीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या देखत, माझ्या दोन रेघांखाली तिने हळूहळू लिहिलं. ‘ताकद लवकर आली त्याचं काही नाही. लवकर परत दिली, ते चुकलं.’ ओळ उतरत उतरत फळ्याच्या कोपऱ्यात गेली. खाली सही केली. खडू माझ्याकडे आला तेव्हा उरलेल्या बोटभर जागेत मी ‘मान्य’ लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

रविवारी ती दहा मिनिटं बोलली. सुरुवातीला आवाज कापत होता. मागून कुणीतरी ओरडली, “ऐकू येत नाय!” वहिनी म्हणाली, “मग पुढं सरका. नळावर बऱ्या सगळ्या पुढं असता!” मैदान हसलं आणि तिचा आवाज सुटला. नळावरून ती घरमालकावर आली, घरमालकावरून मुंबईवर. मुंबई कुणाची, हे मी इतक्या सोप्या शब्दांत कधी लिहू शकलो नव्हतो. पुढच्या रांगेत कोळीण रिकाम्या पाटीवर थाप मारत होती. शेवटी वहिनीने हात वर केला आणि ‘झालाच पाहिजे’ची आरोळी लाकडाच्या वखारींपर्यंत गेली असेल.

घरी आल्यावर ती कॉटवर बसली ती उठलीच नाही. दादाने मुकाट स्टोव्ह पेटवला. भाकऱ्या माझ्याकडे आल्या. पहिली परातीतच तुटली, दुसरीचा कोकणचा नकाशा झाला. वहिनी गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत होती.

“भावजी,” ती म्हणाली, “सावकाश. तयारी लागते.”