संदीपच्या ऑफिसातला मित्र

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता संदीपला सुई टोचणार होते, आणि तो माझा फोन उचलत नव्हता.

मी लातुरात जनरल सर्जन आहे. बावीस वर्षं झाली. संदीप माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, वंदनाचा धाकटा भाऊ. वय एकतीस, नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क. त्या दुपारी ओपीडी चालू असताना त्याच्या बायकोचा, पल्लवीचा फोन आला. एरवी ती "जयभीम दाजी, जेवलात का" याच्यापुढे बोलत नाही. त्या दिवशी तिने जेवणाचं विचारलंच नाही.

"दाजी, मी फोन केला हे यांना सांगू नका. यांना अवघड जागी गाठ हाय. तीन महिने झाले. उद्या सुईनं पाणी काढायला बोलावलंय. म्हटलं एकदा तुम्हाला विचारावं."

"तीन महिने? आणि मला आत्ता सांगताय?"

"आता घ्या! तुम्हीच तर सांगितलं न्हवं, पाणी हाय म्हणून?"

"मी? मी कधी?"

"यांनी विचारलं होतं की तुम्हाला. साखरपुड्यात."

आणि मला सगळं आठवलं. वंदनाच्या मामेबहिणीचा साखरपुडा. माझ्या हातात जेवणाचं ताट. संदीप शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "दाजी, माझ्या ऑफिसातल्या एका मित्राला खाली एका बाजूला सूज आलीय. दुखत-बिखत काही न्हाई."

"दुखत नाही ना? मग पाणी झालं असेल. हायड्रोसील म्हणतात. सांग त्याला, घाई नाही." एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. वर मी म्हणालो, "लग्न झालंय का तुझ्या मित्राचं?" आणि मोठ्याने हसलो. संदीपही हसला. मग मी जिलबी घ्यायला गेलो.

हायड्रोसील म्हणजे अंडाशयाच्या पिशवीत पाणी साचणं, असं पेशंट म्हणतात. पुरुषाला अंडाशय नसतो, अंडकोष असतो, पण शब्द जाऊ द्या. हा आजार नेहमीचा आहे, जिवाला धोका नाही. पण तरुण माणसाच्या त्याच जागी कॅन्सरचीही गाठ होते, आणि तीही बहुतेकदा दुखत नाही. खरी गोम तिथंच आहे. दुखत नाही म्हणून माणूस दाखवत नाही. आणि मी, बावीस वर्षांचा सर्जन, ताट हातात धरून "दुखत नाही, म्हणजे पाणी" असं सांगून बसलो होतो.

आता ही सुई. गाठ कॅन्सरची असेल तर त्या पिशवीच्या कातडीतून सुई घालायचीच नसते. सुईच्या वाटेनं पेशी बाहेर पसरू शकतात, रोगाला नवीन वाट मिळते. अशी गाठ जांघेत छेद घेऊन, अंडकोषासकट वरच्या वरच काढतात. तिकडच्या डॉक्टरांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण पल्लवी म्हणाली, संदीपनं त्यांना सांगितलं होतं, "लातूरचे सर्जन आहेत माझे दाजी, त्यांनी पाणीच सांगितलंय." म्हणजे माझ्याच शब्दावर सुई चालली होती.

अकरा फोन केले. उचलला नाही. उरलेले पेशंट ज्युनियरच्या हवाली केले आणि गाडी काढली. वंदनाला म्हणालो, नांदेडला एक सिरियस केस आहे. खोटं नव्हतं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, एरवी चहाला थांबतो तिथंही थांबलो नाही. तीन महिने, तीन महिने एवढंच डोक्यात चालू होतं. ही गाठ पोटातल्या ग्रंथींमध्ये जाते, तिथून फुप्फुसात. माझ्या लग्नात सासरच्यांनी ती म्हण ऐकवून मला बेजार केलं होतं, "अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर!" तेव्हा मीही हसलो होतो. आता हसू कुठलं येतंय!

दार सासूबाईंनी उघडलं. "अगं बाई, जावई! न सांगता कामून आलाव? वंदी बरी हाय न्हवं?"

"सगळे बरे आहेत. संदीप कुठं आहे?"

"आत्ताच आलाय. बसा तर खरं. पल्लवी, कोंबडीचं बघ गं!"

संदीपनं मला पाहिलं, मग पल्लवीकडं पाहिलं, आणि काय ते समजला. मी त्याला आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

"पँट काढ."

"दाजी, काय बी काय! तुमच्यासमोर? न्हाई जमायचं."

"मी डॉक्टर आहे."

"डॉक्टर असाल लातुरात. हितं तुम्ही माझ्या ताईचे मालक. उद्या पंगतीत मांडीला मांडी लावून कसं बसू मी?"

मी मुळात तापट. त्यात तीन तासांची धास्ती. "अरे गाढवा, तू पंगतीला असशील का याची मला काळजी लागलीय!"

पेशंटला असं बोलू नये. मी बोललो. संदीपचा चेहरा उतरला आणि तो गुमान पलंगावर आडवा झाला.

तेवढ्यात दारावर थाप. "जावईबापू, रस्सा झणझणीत करू का बेताचा?"

"बेताचा!" मी आतून ओरडलो आणि लाईट बंद केला.

आमच्याकडे एक जुनी तपासणी आहे. अंधारात मागून बॅटरी लावायची. पाणी असेल तर उजेड आरपार येतो, सगळं लालसर दिसतं. मोबाईलची बॅटरी लावली. काही दिसलं नाही. जागा बदलून पाहिली. काळं ते काळंच. हाताला लागली ती सुपारीसारखी टणक गाठ.

"काय हाय, दाजी?"

"पाणी नाही."

"मग?"

"गाठ आहे. उद्याची सुई रद्द."

सकाळी त्याला इक्बालकडं नेलं. इक्बाल माझा बॅचमेट, नांदेडला यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचा आणि या भागाचा सर्जन. घरच्या माणसावर मी चाकू धरत नाही. सोनोग्राफी झाली. इक्बालनं फिल्म दोनदा पाहिली. "यार, अंडकोष काढावा लागेल. या आठवड्यातच."

रक्त घेतलं. या गाठी कधीकधी रक्तात खुणा सोडतात, त्यातली एक तर बायकांच्या गरोदरपणात वाढते तीच. हे सांगितल्यावर संदीप म्हणाला, "म्हणजे मी पोटुशी हाय का काय?" पण हसला नाही. मग त्यानं खरा प्रश्न विचारला, आणि तो मला नाही, इक्बालला विचारला. "सर, एक काढल्यावर मी पुरुष राहीन का?"

"एक डोळा मिटला तर तू आंधळा होतोस का?" इक्बाल म्हणाला. "एक चांगला असला की बास. तरी मुलांसाठी आधी सँपल साठवून ठेवू. सावध असलेलं बरं."

ऑपरेशनच्या दिवशी मी थिएटरमध्ये शिरलो तर इक्बालनं मला कोपरा दाखवला. "आज तू सर्जन नाहीस. पाहुणा आहेस. हात लावायचा नाही." हजारो ऑपरेशनं केलेला माणूस मी, पण त्या कोपऱ्यात नुसता घड्याळ बघत उभा राहिलो. तासाभरात काम झालं.

मग रिपोर्टची वाट. काढलेली गाठ लॅबवाले कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्याला आठवडा लागतो. तो आठवडा मी लातुरात होतो एवढंच. नर्सेसवर डाफरलो, एका पेशंटला दोनदा तेच औषध लिहिलं, वंदनाला रोज म्हणालो, "होईल गं नीट," आणि रात्री कूस बदलत पडलो. साखरपुड्यातली ती जिलबी काही केल्या मनातून जाईना.

रिपोर्ट आला. सेमिनोमा, या जागेच्या कॅन्सरचा एक प्रकार. पण गाठ अंडकोषाच्या बाहेर गेलेली नव्हती. पोटाचा आणि छातीचा सीटी स्कॅन स्वच्छ. पहिली स्टेज. पुढे एक केमोचा डोस द्यायचा, किंवा औषध न देता ठरल्या तारखांना तपासण्या करत राहायचं, असे दोन रस्ते होते. डॉक्टरांशी बोलून संदीपनं तपासण्यांचा रस्ता घेतला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. सांगायला लाज कसली.

टाके काढायच्या दिवशी मी त्याला म्हणालो, "चूक माझी होती."

"ऱ्हाऊ द्या हो दाजी. मित्र म्हणून खोटं तर मीच बोललो की."

"खोटं तू बोललास. पण न बघता निदान मी केलं."

तेव्हापासून माझा नियम एकच. लग्नात, बाजारात, कुठंही कुणी "माझ्या एका मित्राला" म्हणालं की मी पुढचं ऐकतच नाही. मित्राला घेऊन ये, बघतो, एवढंच सांगतो. आणि तरुणांना सांगतो, महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी स्वतःच हातानं तपासा. टणक काही लागलं तर दुखायची वाट बघू नका.

गेल्या महिन्यात संदीपचा फोन आला. दीड वर्ष झालं होतं, सगळ्या तपासण्या चांगल्या होत्या. म्हणाला, "दाजी, माझ्या ऑफिसातल्या एका मित्राला..."

मी खुर्चीतून उठलोच. एका अंडकोषाला झालं की दुसऱ्यालाही होण्याची शक्यता थोडी असतेच, ते मला माहीत होतं. "कुठं आहेस तू? आत्ताच्या आत्ता निघ!"

"अहो, ऐका तरी! ह्या टायमाला खराच मित्र हाय. समोर बसलाय. लाजून राहिलाय लई. उद्या मीच त्याला धरून आणतो."

आणलं त्यानं. मी लाईट बंद केला, बॅटरी लावली. लख्ख लालसर उजेड पडला. वर सोनोग्राफीही करून घेतली. पाणीच होतं. "घाई नाही," मी त्याला सांगितलं. या वेळी बघून सांगितलं.